खाज्या नाईक : सेंधव्याच्या घाटातील एक घर

चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करताना आतापर्यंत तुम्ही प्रामुख्याने अशा व्यक्तींची चरित्रे वाचली, की ज्यांच्यामागे त्यांची पत्रे, रोजनिशी, भाषणे किंवा आठवणी उरलेल्या होत्या. आता ज्यांच्याकडे आपण वळणार आहोत, त्यांच्या हातचा एक कागदही आपल्यापाशी नाही. खाज्या नाईक यांच्याविषयी लेखी जे काही मिळते, ते त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या, तुरुंगात घालणाऱ्या आणि पुढे त्यांच्या मागावर फौजा धाडणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेले आहे. त्या कागदांत त्यांचे नावसुद्धा एकसारखे येत नाही; कुठे खाज्या, तर कुठे काजरसिंग असे ते लिहिलेले दिसते. दुसऱ्या बाजूला सातपुड्याच्या पाड्यांवर पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेलेल्या हकिकती आहेत. या दोन्हींच्या मधून वाट काढत हे चरित्र लिहावे लागते. त्यांच्या तोंडी एखादे बाणेदार वाक्य घालणे सोपे होते. पण ते त्यांचे नसते, लेखकाचे झाले असते. म्हणून येथे त्यांच्या शब्दांऐवजी त्यांच्या कृती, आणि त्या कृतींच्या मागे असलेले त्यांचे घर, यांवरच भर दिला आहे.

तुम्ही धुळ्याहून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्याने कधी प्रवास केला असेल, तर तापी ओलांडून शिरपूर मागे टाकल्यावर सपाट काळी जमीन हळूहळू संपते आणि समोर सातपुड्याची रांग उभी राहते, हे तुमच्या लक्षात आले असेल. पळासनेरच्या पुढे रस्ता वळणे घेत वर चढू लागतो. हाच बिजासनचा, म्हणजे जुन्या कागदांतला सेंधव्याचा घाट. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता याच घाटातून जाई. माळव्याची अफू, खानदेशचा कापूस, मीठ, कापड, सरकारी डाक आणि खजिना अशी सारी वाहतूक बैलगाड्यांतून आणि बैलांच्या तांड्यांवरून याच वाटेने होत असे. घाटाच्या खाली कंपनी सरकारचा खानदेश, घाटावर होळकरांचे राज्य, पश्चिमेला बडवानी संस्थान. तीन सत्तांच्या सीमा जेथे भिडतात, तेथे सत्ता कागदावर असते आणि वाट अडवण्याची किंवा मोकळी ठेवण्याची ताकद त्या डोंगरात राहणाऱ्यांच्या हातात असते. ही ताकद भिल्ल नाईकांच्या हातात होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे चरित्र तिच्यावर उभे आहे. घाटाची राखण हा भिल्ल नाईकांचा वंशपरंपरागत हक्क होता. वाटसरूंना आणि तांड्यांना सुखरूप पार करायचे, त्याबद्दल ठरलेले घ्यायचे, आणि आपल्या हद्दीत चोरी झाली तर तिचा माग लावून देण्याची किंवा भरपाईची जबाबदारी पत्करायची, असा तो व्यवहार होता. डोंगरातली शेती तुटपुंजी; उतारावर कोद्रा, नागली, भादर असे हलके धान्य पिकायचे. त्याला मोहाची फुले, चारोळी, डिंक, मध आणि शिकारीची जोड असे. तरीही पावसाळ्याचे महिने रिकाम्या कणगीने काढावे लागत. अशा घरांना घाटाच्या हक्काचा पैसा म्हणजे केवळ मानपान नव्हता. तो पैसा नाईकाच्या एकट्या चुलीसाठीही नव्हता. त्याच्या आधाराने राहणारे भाऊबंद, सोयरे, पाड्यावरची विधवा बाई, असे सगळे त्या हक्कावर जगत. नाईक या शब्दाचा अर्थ म्हणूनच नुसता पुढारी असा घेऊ नका. ज्याच्या दारी लोक धान्य मागायला येतात आणि ज्याला नाही म्हणता येत नाही, तो नाईक.

हा व्यवहार अठराव्या शतकाच्या अखेरीपासून उसवू लागला होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश लुटला आणि १८०३-०४ च्या दुष्काळाने उरलेसुरले गिळले. गावे ओस पडली, पाटील-कुळकर्णी परागंदा झाले, आणि गावाची राखण करणाऱ्या भिल्लांना त्यांचे वतन देणारे कोणी उरले नाही. जे राखणदार होते ते डोंगरात गेले आणि वाटमारी करू लागले. त्यांच्यावर पेशवाईच्या अंमलदारांनी केलेल्या कत्तलींनी भिल्ल आणि सरकार यांच्यात विश्वासाचा धागाच उरला नाही. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्ज यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो भिल्लांचा. त्यांनी डोंगरांच्या पायथ्याशी चौक्या बसवून धान्याच्या वाटा तोडल्या, आणि शरण येणाऱ्यांना नेमणुका देऊ केल्या. उपाशी ठेवून वळवायचे, हीच त्या धोरणाची रीत होती.

केवळ धाकाने हे जमत नाही, हे पुढे लक्षात आल्यावर १८२५ मध्ये दुसरा मार्ग धरला गेला. भिल्लांना पडीक जमीन, बी-बियाणे, बैल आणि तगाई देऊन वसवायचे, आणि तरुणांची एक पलटण उभारायची. जेम्स आऊटरॅम यांनी ही भिल्ल पलटण आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे उभी केली. ज्यांना पकडायला काल शिपाई जात होते, तेच आज गणवेश घालून दुसऱ्यांना पकडायला निघाले. इंग्रज लेखकांनी या प्रयोगाचे फार कौतुक केले आहे, आणि ते सर्वस्वी चुकीचेही नाही. पगार वेळेवर मिळाला की घरे स्थिरावतात, हे धरणगावने दाखवले. पण याच काळात घाटाचा पिढीजात हक्क सरकारी नेमणुकीत बदलत गेला. हक्क बापाकडून मुलाकडे जातो. नेमणूक साहेबाच्या मर्जीने मिळते आणि मर्जीनेच जाते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी करून, घर सांभाळून हा अभ्यासक्रम पुरा करत आहात. हा फरक तुम्हाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

खाज्या नाईक हे गुमान नाईक यांचे पुत्र. शिरपूर तालुक्यातील सांगवी हे त्यांचे गाव मानले जाते. वडिलांकडे सेंधव्याच्या घाटाची राखण होती आणि वडिलांच्या पश्चात ती त्यांच्याकडे आली. १८३१ पासून सुमारे वीस वर्षे त्यांनी हे काम केले, आणि ते चोख केले, हे त्यांच्या विरोधकांनीच नोंदवून ठेवले आहे. वीस वर्षे म्हणजे माणसाच्या उमेदीचा सारा काळ. एवढ्या अवधीत त्यांच्याविषयी फारसे काही लिहिले गेलेले नाही, आणि त्यातही एक अर्थ आहे: घाट शांत असला की दप्तरात राखणदाराचे नाव येत नाही.

१८५०च्या सुमारास ते नाव दप्तरात आले. एका संशयित दरोडेखोराचा मृत्यू खाज्या नाईक यांच्या हातून घडला, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. खटला चालला आणि त्यांना दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. हा प्रसंग दोन बाजूंनी पाहता येतो. नव्या कायद्याच्या दृष्टीने पोलिसाच्या हातून झालेली हत्या हा गुन्हाच होता, आणि आजही आपण तसेच म्हणू. पण ज्या परंपरेत ते वाढले होते, तिच्यात चोराचा माग काढणे, त्याला धरणे आणि शासन करणे हे सगळे नाईकाचेच काम होते. ज्या कामासाठी नेमले, तेच काम जुन्या रीतीने केल्याबद्दल बेडी पडली. माझे मत असे की, त्यांच्या मनात सरकारविषयी पहिली गाठ येथे बसली असावी.

पण आपण घराकडे पाहत आहोत. कर्ता माणूस तुरुंगात गेला, म्हणजे नेमणुकीचा पैसा थांबला आणि त्या पैशावर जगणाऱ्या साऱ्या घरांचा आधार गेला. या वर्षांत नाईकांच्या घराने कसे दिवस काढले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. कैद्याच्या वागणुकीची नोंद मात्र आहे. चांगल्या वर्तणुकीमुळे त्यांना शिक्षेचा काळ पुरा होण्यापूर्वीच सोडण्यात आले आणि पुन्हा घाटाच्या बंदोबस्तावर घेण्यात आले. सरकारलाही त्यांच्यावाचून घाट सांभाळता येत नव्हता, हे यावरून स्पष्ट होते.

हा सगळा काळ खानदेशच्या मैदानातही स्वस्थतेचा नव्हता. १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या मोजणीला सावदा, यावल, चोपडा, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी विरोध केला. मोजणी झाली की सारा वाढणार, या भीतीने हजारोंचे जमाव जमले, मोजणीचे काम बंद पडले, आणि लष्कर आणून पुढाऱ्यांना पकडावे लागले. डोंगरातला भिल्ल आणि केळीच्या-कापसाच्या पट्ट्यातला कुणबी हे एरव्ही एकमेकांकडे संशयानेच पाहत. तरीही दोघांच्या घरात एकच धास्ती होती : आपल्या पोटाचा हिशेब आता कोणीतरी दूरचा माणूस, आपल्याला न विचारता, मांडतो आहे.

१ जुलै १८५७ रोजी इंदूर येथे होळकरांच्या फौजेतील शिपाई उठले आणि त्याच दिवशी महूच्या छावणीतही बंड झाले. ही बातमी आग्रा रस्त्याने घाट उतरून खाली आली, आणि ती सर्वांत आधी कळणाऱ्यांत घाटाचे राखणदार होते. खाज्या नाईक यांनी नोकरी सोडली. बडवानीकडचे भीमा नाईक त्यांना मिळाले. मेवाश्या नाईक यांच्यासारखे इतरही आपापल्या माणसांसह आले. त्यांच्याबरोबर मकराणी शिपाईही होते. संस्थानांच्या पदरी चाकरी करणारे, आणि चाकरी सुटली की नवा धनी शोधणारे हे लोक त्या काळी सर्वत्र आढळत. काही महिन्यांत आग्रा रस्ता सरकारच्या हातून गेल्यासारखा झाला. डाक अडू लागली, तारा तुटू लागल्या, व्यापाऱ्यांचे तांडे थांबले. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून मुंबईला निघालेला सुमारे सात लाख रुपयांचा खजिना घाटात लुटला गेला.

सात लाख ही रक्कम त्या काळी किती प्रचंड होती, याची कल्पना करा. तरीही या लुटीकडे केवळ दरोडा म्हणून किंवा केवळ स्वातंत्र्यसमरातील पराक्रम म्हणून पाहिले, की बरेच काही हातातून निसटते. ज्या वाटेने तो पैसा जात होता, त्या वाटेवर आपला हक्क आहे, असे मानणाऱ्या माणसाने तो अडवला होता. आणि शेकडो माणसे रानात घेऊन बसायचे, तर त्यांच्या घरच्यांनाही पोसावे लागते. नाईकांच्या मागे आलेले लोक एकटे आले नव्हते. बायका, मुले, म्हातारी माणसे, शेळ्या-कोंबड्या यांसह पाडेच्या पाडे डोंगरात वर सरकले होते. इंग्रजी पत्रव्यवहारात ज्याला टोळी म्हटले आहे, ती प्रत्यक्षात हलती वस्ती होती.

येथे जरा थांबा आणि एका प्रश्नाचा विचार करा. धरणगावची भिल्ल पलटण या सगळ्या धामधुमीत सरकारच्या बाजूने राहिली. एकाच समाजातली, कधीकधी एकाच नात्यागोत्यातली माणसे दोन बाजूंना का गेली असतील? फितुरी आणि निष्ठा हे दोन शब्द येथे पुरे पडत नाहीत. पलटणीतल्या शिपायाच्या घरी दरमहा पगार येत होता. खाज्या नाईक यांच्या घराने तो बंद झालेला पाहिला होता. दोघेही आपले घर जगवण्याचाच प्रयत्न करत होते, असे म्हणण्यात मला संकोच वाटत नाही.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मेजर इव्हान्स यांच्या फौजेने या वस्तीला गाठले. चैत्राचे दिवस होते. हा मोहाच्या फुलांचा हंगाम. पहाटे झाडाखाली पडलेली फुले वेचून, वाळवून वर्षभराची बेगमी करण्याचा काळ. लढाई दिवसभर चालली. बंदुका कमी आणि तीरकमठे जास्त, अशा स्थितीतही भिल्ल आणि मकराणी खडकांच्या आडून निकराने लढले. सरकारी फौजेचीही बरीच हानी झाली. पकडलेल्यांपैकी अनेकांना जागच्या जागी लष्करी न्यायसभा भरवून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या नाईक यांचा मुलगा दौलतसिंग येथेच कामी आला, असे सातपुड्यात सांगितले जाते. स्वतः नाईक आणि त्यांचे काही सोबती निसटले.

स्त्रिया निसटू शकल्या नाहीत. मोठ्या संख्येने त्या सैनिकांच्या हाती लागल्या, आणि त्यांत खाज्या नाईक यांच्या कुटुंबातील स्त्रियाही होत्या. त्या नजरेआड झालेल्या कैदी नव्हत्या. त्यांचा उपयोग ठरलेला होता. पुरुष रानात आहेत, त्यांना शरण आणायचे, तर त्यांच्या बायका आणि आया आपल्या ताब्यात हव्यात. चाळीस वर्षांपूर्वी ब्रिग्ज यांनी धान्याच्या वाटा तोडल्या होत्या. आता घरच ओलीस ठेवले गेले. या स्त्रियांची संख्या लिहिणाऱ्यांनी नावे लिहिली नाहीत. त्या कोणाच्या पत्नी, कोणाच्या आई, एवढीच त्यांची ओळख दप्तरात उरली आहे.

असेच एक नाव मात्र लोकस्मृतीने जपले आहे. भीमा नाईक यांची आई सुरसी. ती पकडली गेली आणि १८५९ मध्ये मंडलेश्वरच्या किल्ल्यात कैदेतच मरण पावली. तिने तेथे अन्न वर्ज्य केले होते, अशी परंपरा आहे. मुलगा पुढे कित्येक वर्षे रानात राहिला, शेवटी फितुरीने पकडला गेला, आणि काळ्या पाण्यावर, अंदमानात त्याचा अंत झाला.

अंबापाणीनंतरच्या दोन वर्षांवर वीरगाथा फारशी थांबत नाही, कारण या काळात मोठी लढाई नाही. चरित्रकाराने मात्र येथेच थांबले पाहिजे. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा निघाला आणि हत्यार खाली ठेवणाऱ्यांना माफीचे आश्वासन मिळाले. त्याच सुमारास तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला आले आणि आग्रा रस्त्याची तार त्यांच्या लोकांनी तोडली. क्षणभर वाटावे की घाट पुन्हा पेटणार. पण तात्यांच्या पाठीवर फौजा होत्या. त्यांना पुन्हा उत्तरेकडे वळावे लागले. नाशिक-नगर भागात लढणारे भागोजी नाईक १८५९ मध्ये मारले गेले. एकेक आधार असा गळत गेला. माफीचे निरोप, बोलणी, शरणागतीच्या अटी आणि पुन्हा रान, असा खाज्या नाईक यांचा हा काळ आहे. पुस्तके या बोलण्यांची लाज वाटल्यासारखी ती घाईने ओलांडतात. मला त्यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. ज्याचा मुलगा गेला, ज्याची बायकामाणसे सरकारच्या ताब्यात आहेत, आणि ज्याच्या मागे आलेली घरे दोन पावसाळे पेरणीवाचून राहिली आहेत, त्याने बोलणी करू नयेत, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? ते साठीकडे झुकलेले असावेत. ज्या घाटाच्या प्रत्येक वळणावर त्यांनी वीस वर्षे पहारा केला, त्याच घाटात आता त्यांना लपून राहावे लागत होते.

१८६० मध्ये खाज्या नाईक मारले गेले. त्यांना मारणारा सैन्यातला नव्हता; त्यांच्या माणसांत मिसळलेल्या एका मकराणी जमादाराने विश्वासघाताने त्यांचा जीव घेतला. ते आंघोळीला बसले असताना, हातात शस्त्र नसताना हे घडले, असे लोक सांगतात. चाकरी सुटलेले जे लोक कधी त्यांच्या आश्रयाला आले होते, त्यांच्यापैकीच एकाला आता सरकारकडून काही मिळवायचे होते.

त्यांच्यामागे घाटाचे काय झाले, हे समजल्याशिवाय हे चरित्र पुरे होत नाही. ते गेले त्या सुमारास मुंबईहून निघालेली लोहमार्गाची कामे सह्याद्री चढत होती. काही वर्षांतच आगगाडी चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करीत भुसावळला पोहोचली, आणि तेथून खंडव्याकडे वळून उत्तर हिंदुस्थानाला जोडली गेली. सेंधव्याच्या घाटातून जाणारा कापूस आणि किराणा रूळांवर गेला. जळगावची बाजारपेठ वाढू लागली, जिनांची धुराडी उभी राहिली. पळासनेरच्या चढावर गाड्यांची रांग विरळ झाली. ज्या हक्कासाठी दोन पिढ्या राबल्या, त्या हक्काला आता कोणी गिऱ्हाईक उरले नव्हते. १८७८च्या वन कायद्याने सातपुड्याचे मोठे रान राखीव होण्याचा मार्ग मोकळा झाला, आणि मोह वेचायला जाणाऱ्या बाईला पहाटेच्या अंधारात रखवालदाराची चाहूल घ्यावी लागू लागली. हा रखवालदार वनखात्याचा होता.

अंबापाणीहून नेलेल्या स्त्रियांपैकी ज्या परत आल्या, त्या याच रानात आल्या. मुलांना पोटाशी धरून, जळालेल्या पाड्यांच्या जागी त्यांनी पुन्हा कुडाची घरे उभी केली. खाज्या नाईक यांच्याविषयी आज पाड्यांवर जे काही सांगितले जाते, ते पहिल्यांदा त्याच घरांत, चुलीपुढे बसून सांगितले गेले असणार.